बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (जन्म : कोल्हापूर, ३ जून १८९०, मृत्यू : कोल्हापूर, १६ जानेवारी १९५४) हे मराठी चित्रकार, शिल्पकार, चित्रपट-निर्माते आणि दिग्दर्शक होते. भारतीय मूकपटाच्या जडणघडणीत दादासाहेब फाळके यांच्यानंतर त्यांचे नाव प्राधान्याने घेतले जाते. त्यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना केली, स्वतःच्या कार्यशाळेत चित्रपटाचा कॅमेरा तयार केला आणि 'सैरंध्री', 'सिंहगड', 'सावकारी पाश' यांसारखे मूकपट निर्माण केले. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल आणि व्ही. शांताराम हे पुढे नावारूपाला आलेले दिग्दर्शक त्यांच्याच तालमीत तयार झाले. कोल्हापूरकर त्यांना आदराने 'कलामहर्षी' म्हणून ओळखतात.

जन्म आणि बालपण

बाबूरावांचा जन्म कोल्हापुरातील एका कारागीर कुटुंबात झाला. त्यांचे वडील कृष्णराव मेस्त्री हे सुतारकाम, लोहारकाम, चित्रकला आणि मूर्तिकाम या सर्वांत हात चालणारे कारागीर होते. लाकूड, धातू, माती आणि रंग ही माध्यमे बाबूरावांना घरातच हाताळायला मिळाली. कलाशाळेतील रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. रेखाटन, तैलरंग आणि मूर्तिकाम त्यांनी वडिलांच्या कामाचे निरीक्षण करून व स्वतःच्या सरावाने आत्मसात केले. पुढे चित्रपटाच्या क्षेत्रात त्यांना जे साधले त्याचे मूळ या घरगुती शिक्षणात आहे. यंत्र आणि चित्र हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, अशी विभागणी त्यांच्या मनात कधी झालीच नाही.

त्या काळचे कोल्हापूर संस्थान कलांना पोषक होते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत संगीत, नाटक, चित्रकला आणि कुस्ती यांना राजाश्रय मिळाला. आबालाल रहिमान यांच्यासारखे श्रेष्ठ चित्रकार याच नगरीत काम करीत होते. अशा वातावरणात बाबूराव आणि त्यांचे चुलत बंधू आनंदराव यांनी चित्रकलेचा व्यवसाय एकत्र सुरू केला. या व्यवसायामुळे 'पेंटर' हे दोघांचेही आडनावच होऊन गेले.

नाटकांचे पडदे

१९१० नंतरच्या काही वर्षांत पेंटर बंधूंनी पश्चिम महाराष्ट्रातील संगीत नाटक मंडळ्यांसाठी रंगमंचाचे पडदे रंगवले. संगीत रंगभूमीचा तो भरभराटीचा काळ होता. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, रस्ता अशी स्थळे रंगवलेल्या पडद्यांवरूनच प्रेक्षकांना कळत असत. सपाट कापडावर खोली आणि अंतर यांचा भास निर्माण करणे, दिव्यांच्या उजेडात रंग कसे दिसतील याचा आधीच अंदाज घेणे, ही या कामातली खरी कसोटी होती. पेंटर बंधूंच्या पडद्यांना यथार्थदर्शनाच्या कौशल्यामुळे मोठी मागणी आली.

याच सुमारास फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) प्रदर्शित झाला. हलत्या चित्रांनी दोघे बंधू भारावून गेले. आपणही चित्रपट काढावा असे त्यांनी ठरवले. मात्र परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत त्यांच्याजवळ नव्हती.

देशी कॅमेऱ्याची निर्मिती

विकत घेता येत नसेल तर कॅमेरा घरी बनवायचा, असा मार्ग पेंटर बंधूंनी पत्करला. जुने प्रक्षेपण यंत्र मिळवून त्यांनी त्याच्या रचनेचा अभ्यास सुरू केला. प्रक्षेपण यंत्र आणि कॅमेरा यांचे मूळ तत्त्व बरेचसे सारखे आहे. दोन्हींत फीत भिंगासमोर क्षणभर थांबते, झडप उघडते, मिटते आणि फीत एक चौकट पुढे सरकते. ही थांब-चाल ठरावीक वेगाने आणि अचूक झाली नाही, तर पडद्यावरील चित्र थरथरते. त्यासाठी लागणारी दातेरी चाके आणि इतर सुटे भाग स्वतःच्या हाताने घडवणे हे अत्यंत चिकाटीचे काम होते.

हे प्रयोग चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. यंत्रविद्येत त्यांची गती विशेष असल्यामुळे हा आघात कौटुंबिक तसाच व्यावसायिकही होता. बाबूरावांनी मात्र काम सोडले नाही. त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी कॅमेरा पूर्ण केला आणि १९१८ च्या सुमारास तो वापरण्याजोगा झाला. कंपनीच्या पहिल्या चित्रपटाचे चित्रण याच कॅमेऱ्यावर झाले.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

१ डिसेंबर १९१७ रोजी बाबूरावांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना केली. प्रसिद्ध गायिका तानीबाई कागलकर यांनी कंपनीला आर्थिक साहाय्य केले. चित्रपटाच्या धंद्याकडे सावकार आणि व्यापारी साशंकतेने पाहत असताना एका कलावंत स्त्रीने दिलेला हा आधार निर्णायक ठरला. शाहू महाराजांचेही प्रोत्साहन कंपनीला लाभले.

कंपनीचे स्वरूप एखाद्या गुरुगृहासारखे होते. दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर, बाबूराव पेंढारकर अशी तरुण मंडळी तेथे एकत्र आली. पेंढारकरांच्या ओळखीने त्यांचे नातलग शांताराम वणकुद्रे, म्हणजेच व्ही. शांताराम, १९२० मध्ये कंपनीत दाखल झाले. कामाची काटेकोर विभागणी नव्हती. नेपथ्य रंगवणे, फीत धुणे, कॅमेरा चालवणे, वेशभूषा सांभाळणे आणि गरज पडल्यास भूमिका करणे, अशी सर्व कामे सर्वांना करावी लागत. चित्रपटनिर्मितीचे शिक्षण देणारी संस्था देशात नसताना या कंपनीने ते काम प्रत्यक्ष व्यवहारातून केले.

सैरंध्री

कंपनीचा पहिला मूकपट 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. महाभारताच्या विराटपर्वातील कीचकवधाची कथा त्यात होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'कीचकवध' या नाटकावर ब्रिटिश सरकारने पूर्वी बंदी घातली होती. त्यामुळे हा विषय मराठी प्रेक्षकांना केवळ पौराणिक राहिलेला नव्हता.

भीमाच्या भूमिकेत बाळासाहेब यादव आणि कीचकाच्या भूमिकेत झुंझारराव पवार होते. भीम कीचकाचा वध करतो तो प्रसंग इतका वास्तव वाटला, की प्रेक्षागृहात घबराट उडाल्याच्या हकिकती सांगितल्या जातात. हा प्रसंग पुढे कापावा लागला. भारतीय चित्रपटावरील नियंत्रणाच्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. लोकमान्य टिळकांनी चित्रपटाचे कौतुक करून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी आणि सुवर्णपदक दिले. त्यानंतर काही महिन्यांतच, १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे निधन झाले.

'सैरंध्री'चे आणखी एक महत्त्व स्त्री-भूमिकांशी निगडित आहे. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती. 'सैरंध्री'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन अभिनेत्री अनुक्रमे कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. या धाडसाची किंमत त्यांना सामाजिक बहिष्काराच्या रूपाने मोजावी लागली आणि त्यांच्या निवासाची सोय कंपनीच्या आवारातच करावी लागली.

कलात्मक वैशिष्ट्ये

बाबूरावांनी चित्रपटाकडे चित्रकाराच्या दृष्टीने पाहिले. चित्रण सुरू होण्यापूर्वी ते पात्रांची, पोशाखांची, दागिन्यांची आणि प्रसंगांची रेखाटने तयार करीत. कोणते पात्र चौकटीत कोठे उभे राहील, प्रकाश कोणत्या बाजूने येईल, हे कागदावर आधीच निश्चित होत असे. रंगवलेले पडदे तयार करण्यात नावलौकिक मिळवलेल्या या कलावंताने चित्रपटात मात्र सपाट पडद्यांऐवजी घडीव, त्रिमितीय नेपथ्याचा आग्रह धरला. कॅमेऱ्याला खोटी खोली चटकन उघडी पाडता येते, हे त्यांनी ओळखले होते.

'सिंहगड' (१९२३) हा हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर आधारलेला ऐतिहासिक मूकपट होता. तानाजीच्या रात्रीच्या चढाईचे दृश्य हा त्यातील गाभा. तोवर चित्रण प्रामुख्याने सूर्यप्रकाशावर अवलंबून असे. बाबूरावांनी या चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करून रात्रीचा परिणाम साधला. 'सिंहगड' पाहण्यासाठी मुंबईत लोटलेली गर्दी पाहून सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असेही सांगितले जाते.

प्रसिद्धीच्या क्षेत्रातही बाबूरावांनी नवा पायंडा पाडला. चित्रपटाचे कथानक आणि छायाचित्रे असलेल्या माहितीपुस्तिका त्यांनी काढल्या, तसेच चित्रपटांची मोठी भित्तिपत्रके स्वतः रंगवली. 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सचित्र चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी एक मानले जाते.

मूकपटातील अभिनय

मूकपटात नटाजवळ आवाज नसतो. संवाद म्हणजे अधूनमधून पडद्यावर येणाऱ्या अक्षरांच्या पट्ट्या. त्याही वाचता न येणाऱ्या प्रेक्षकांची संख्या तेव्हा मोठी होती. चित्रपटगृहात पेटी-तबल्याची साथ असे आणि काही ठिकाणी पट्ट्या मोठ्याने वाचून दाखवल्या जात. तरीही कथा पोहोचवण्याचे मुख्य साधन नटाचे शरीर हेच होते. संगीत रंगभूमीवर सारे लक्ष गाण्याकडे असे. तेथील लोकप्रिय गायक नट पडद्यावर प्रभावी ठरेलच, याची त्यामुळे खात्री नव्हती. भीम, कीचक, तानाजी अशा भूमिकांसाठी बांधेसूद शरीर, चपळ हालचाल आणि भेदक मुद्रा आवश्यक होती. तालमींच्या कोल्हापुरात अशा माणसांची वाण नव्हती.

मूकपटाचे हे सामर्थ्य जगभर सर्वाधिक ओळखले गेले ते विनोदी चित्रपटांमुळे. चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन आणि हॅरल्ड लॉइड हे बाबूरावांचे समकालीन होत. पडणे, धावणे, थबकणे आणि नुसते पाहणे यांतून त्यांनी निर्माण केलेला विनोद भाषेची सीमा ओलांडून गेला. बाबूरावांचा प्रांत विनोदाचा नव्हता. पुराण, इतिहास आणि पुढे सामाजिक वास्तव हे त्यांचे विषय होते. तथापि बोलल्यावाचून सांगण्याची विद्या दोन्हीकडे एकच होती. चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' आणि बाबूरावांचा 'सावकारी पाश' हे दोन्ही मूकपट १९२५ या एकाच वर्षातले आहेत. पहिल्यात भुकेलेला माणूस बूट शिजवून खातो आणि प्रेक्षक हसतो. दुसऱ्यात शेतकऱ्याची जमीन जाते आणि हसण्याला जागा राहत नाही. दारिद्र्य हाच दोन्ही चित्रपटांचा आशय आहे आणि दोन्हींत ते शब्दांऐवजी दृश्यांतून प्रकट होते.

सावकारी पाश

'सावकारी पाश' (१९२५) हा बाबूरावांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा चित्रपट समजला जातो. कथा नारायण हरि आपटे यांची होती. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या शेतकऱ्याची जमीन जाते, त्याला गाव सोडावे लागते आणि अखेर तो शहरात गिरणी कामगार होतो, असे त्याचे कथानक आहे. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली.

हा विषय महाराष्ट्राला परका नव्हता. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून कर्जाची कागदपत्रे जाळली होती. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा केला. पण कर्जाचा फास सुटला नाही. गावाकडून मुंबईच्या गिरण्यांकडे जाणारा ओघ चालूच राहिला. देव आणि राजे यांच्या कथांत रमलेल्या पडद्यावर हे वास्तव आणणे, हा मोठा धोका होता.

अंधाऱ्या झोपडीचे आणि तेथे रडणाऱ्या कुत्र्याचे दृश्य या चित्रपटातील विशेष म्हणून अभ्यासक नमूद करतात. आवाज नसलेल्या चित्रपटात कुत्र्याचे रडणे ऐकू येणे शक्य नव्हते. मंद प्रकाश, रिकामी जागा आणि वर उचललेले तोंड यांतून ते प्रेक्षकाला जाणवून द्यायचे होते. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ पुष्कळ समीक्षक या चित्रपटापासून मानतात. तिकीटबारीवर मात्र त्याला अपेक्षित यश मिळाले नाही. त्यानंतर कंपनी पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांकडे वळली.

शिष्यांचे प्रस्थान आणि कंपनीचा अस्त

१९२७ मध्ये शांताराम यांनी धायबर यांच्यासह 'नेताजी पालकर' दिग्दर्शित केला आणि १९२८ मध्ये दामले-फत्तेलाल यांनी 'महारथी कर्ण' हा चित्रपट केला. शिष्य स्वतंत्रपणे उभे राहू लागले होते. बाबूराव परिपूर्णतेचा ध्यास घेतलेले, सावकाश काम करणारे कलावंत होते. एखादे नेपथ्य मनासारखे उतरेपर्यंत चित्रण थांबवून ठेवण्याची त्यांची वृत्ती आणि नियमित चित्रपट काढून खर्च भागवण्याची निकड यांचा मेळ बसणे कठीण होत गेले.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भागीदारीत कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा कणाच त्यामुळे निघून गेला. बाबूरावांनी 'बाजीप्रभू देशपांडे' (१९२९) आणि 'लंका' (१९३०) हे चित्रपट केले; परंतु १९३१ च्या सुमारास कंपनी बंद पडली. त्याच वर्षी १४ मार्च रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला होता. कंपनी आणि मूकपट यांचा काळ अशा रीतीने जवळजवळ एकाच वेळी संपला.

बोलपटाचा काळ

बोलपट आल्यानंतर बाबूरावांनी कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी 'उषा' (१९३५) दिग्दर्शित केला. १९३६ मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' पुन्हा, या वेळी बोलपटाच्या रूपात, निर्माण केला. अकरा वर्षांपूर्वी न पेललेला विषय त्यांनी सोडून दिला नव्हता. याच वर्षी तिकडे चॅप्लिन 'मॉडर्न टाइम्स'मध्ये आपल्या भटक्याला बोलायला लावण्याचे टाळत होता आणि इकडे दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' बोलपटाला नवी उंची देत होता. पुढे 'प्रतिभा' आणि 'साध्वी मीराबाई' (दोन्ही १९३७) हे चित्रपट बाबूरावांनी केले.

ध्वनीमुळे चित्रपटाचा भर संवाद आणि गीतांवर गेला. चौकटीच्या रचनेवर आणि प्रकाशावर विसंबणाऱ्या बाबूरावांना या बदलात मूकपटकाळातील स्थान पुन्हा मिळाले नाही. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' या राजकमल कलामंदिरच्या चित्रपटाच्या दिग्दर्शनात त्यांचे नाव आपल्या एकेकाळच्या शिष्याबरोबर, व्ही. शांताराम यांच्यासोबत, आले. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट अतिशय लोकप्रिय झाला. 'विश्वामित्र' (१९५२) आणि 'महाजन' (१९५३) हे त्यांचे अखेरचे चित्रपट होत. या सर्व काळात चित्रकला आणि शिल्पकला त्यांनी सोडली नाही. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

वारसा

बाबूरावांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज नष्ट झाले आहेत. त्या काळची नायट्रेट फीत ज्वालाग्राही होती आणि उष्ण, दमट हवेत लवकर खराब होई. शिवाय बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही, त्यामुळे ते जपण्याची काळजीही घेतली गेली नाही. १९२५ चा 'सावकारी पाश' आज पाहता येत नाही. जुनी वर्णने, छायाचित्रे, माहितीपुस्तिका आणि समकालीनांच्या आठवणी यांच्या आधारेच त्याचा अभ्यास करावा लागतो. चॅप्लिन आणि कीटन यांचे मूकपट जतन झाल्यामुळे नव्या पिढ्यांना त्यांचा आस्वाद घेता येतो. तेवढे भाग्य कोल्हापूरच्या मूकपटांच्या वाट्याला आले नाही.

त्यांचा प्रभाव प्रामुख्याने शिष्यांच्या कामात टिकून राहिला. प्रभातच्या चित्रपटांतील नेटके नेपथ्य, रेखीव चौकटी आणि सामाजिक विषयांचे भान यांचा उगम महाराष्ट्र फिल्म कंपनीत सापडतो. कोल्हापूरला 'चित्रनगरी' म्हणून लाभलेल्या ओळखीचा आरंभही तेथूनच होतो. कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे कॅमेऱ्याचे शिल्प असलेला मानस्तंभ त्यांच्या कार्याचे स्मारक म्हणून उभा आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्थापनादिनी, १ डिसेंबरला, चित्रपट व्यवसायातील मंडळी तेथे अभिवादन करतात.

निवडक चित्रपट

मूकपट

* सैरंध्री (१९२०)
* सुरेखा हरण (१९२१)
* भगवत भक्त दामाजी (१९२२)
* वत्सलाहरण (१९२३)
* सिंहगड (१९२३)
* कल्याण खजिना (१९२४)
* सती पद्मिनी (१९२४)
* राणा हमीर (१९२५)
* सावकारी पाश (१९२५)
* भक्त प्रल्हाद (१९२६)
* मुरलीवाला (१९२७)
* सती सावित्री (१९२७)
* बाजीप्रभू देशपांडे (१९२९)
* लंका (१९३०)

बोलपट

* उषा (१९३५)
* सावकारी पाश (१९३६)
* प्रतिभा (१९३७)
* साध्वी मीराबाई (१९३७)
* रुक्मिणी स्वयंवर (१९४६)
* लोकशाहीर रामजोशी (१९४७, व्ही. शांताराम यांच्यासह)
* विश्वामित्र (१९५२)
* महाजन (१९५३)

हेही पाहा

* दादासाहेब फाळके
* प्रभात फिल्म कंपनी
* व्ही. शांताराम
* मूकपट